९० लाख लिटर हवा आणि चिमूटभर धूळ

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायचं तर त्याला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. पंपावर पैसे पेट्रोलचे मोजावे लागतात, हवा फुकट मिळते, म्हणून हा आकडा सहसा कुणाच्या मनात येत नाही. वजनाने पाहिलं तर १ किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा इंजिनात जाते. लिटरला १५ किलोमीटर अॅव्हरेज देणारी छोटी गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर चालली, तर तिने हजार लिटर पेट्रोल जाळलेलं असतं आणि साधारण ९० लाख लिटर हवा ओढलेली असते. एका माणसाला एवढी हवा श्वासासाठी दोन वर्षांहून अधिक काळ पुरेल.

ही सगळी हवा एकाच वस्तूतून गाळून आत जाते. बोनेट उघडलं की काळ्या प्लॅस्टिकचा एक डबा दिसतो, त्याच्या क्लिपा सोडल्या की आत घड्या घातलेल्या कागदाचा एअर फिल्टर असतो. बहुतेक छोट्या गाड्यांसाठी तो दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. त्याच्याच शेजारी अॅक्सेसरीजच्या दुकानात दुसरा पर्याय टांगलेला असतो: लालसर तेल लावलेल्या सुती कापडाचा, जाळीदार, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर. त्याची किंमत काही हजारांत जाते. दुकानदार सांगतो की एकदाच पैसे घाला, मग आयुष्यभर बघायला नको. पिकअप वाढेल, अॅव्हरेजही वाढेल. गाडीवर जीव असलेला माणूस इथे हमखास अडतो, आणि त्याचं अडणं रास्त आहे. दोन्ही फिल्टर हवा गाळतात, दोन्ही जगभर विकले जातात. मग निवड कशावर करायची?

आधी हे पाहायला हवं की गाळायचं काय आहे.

इंजिनाचा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला थेट टेकत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो, काही मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून त्या थराची कल्पना यावी. धुळीचा जो कण या थराहून थोडा मोठा असतो, तो दोन्ही पृष्ठभागांना एकदम घासतो. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या वाळूपेक्षा ५ ते २० मायक्रॉनचे न दिसणारे कण इंजिनाचे खरे शत्रू आहेत. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं आणि खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक ७ लागतो. सिलिंडरच्या बिडापेक्षा ते कठीण आहे. दख्खनचा काळा कातळ बेसॉल्टचा, त्यात क्वार्ट्झ कमी, म्हणून आपल्याकडची धूळ मऊ असावी असं वाटू शकतं. पण बेसॉल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजंही ६ च्या आसपास आहेत, आणि खडी क्रशरच्या परिसरात तीच दळून हवेत उडत असतात. त्यात बांधकामावरची नदीची वाळू आणि सिमेंट मिसळलं, की पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या वाढत्या उपनगरातली कुठलीही सकाळ इंजिनासाठी पॉलिश पेपरसारखी होते.

अशी धूळ आत जात राहिली तर गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. रिंगा हळूहळू झिजतात, कॉम्प्रेशन उतरतं, इंजिन ऑइल खाऊ लागतं, निळसर धूर दिसायला लागतो. मेकॅनिक म्हणतो, ‘रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल.’ तोवर सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर उलटलेले असतात आणि फिल्टरचा विषयसुद्धा कुणी काढत नाही. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर पडल्यामुळेच फिल्टरबद्दल इतके दावे बिनधास्त करता येतात.

आता धूळ किती, याचा हिशेब. भारतात हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आपली छोटी गाडी वर्षभर अशा हवेत चालली तर ९ हजार घनमीटर हवेतून फिल्टरपर्यंत पोचते जेमतेम १ ग्रॅम धूळ. चिमूटभर. आता तीच गाडी मे महिन्यात कच्च्या रस्त्यावर मुरूम वाहणाऱ्या डंपरच्या मागे लागली असं धरा. समोरचं काही दिसेनासं होतं तेव्हा हवेत घनमीटरला जवळजवळ १ ग्रॅम धूळ असते. मंद गतीने चाललेलं छोटं इंजिन तासाला तीसेक घनमीटर हवा ओढतं, म्हणजे अशा एका तासात फिल्टरवर ३० ग्रॅम धूळ येते. गुळगुळीत रस्त्यावरच्या तीस वर्षांची धूळ एका तासात! किती किलोमीटर झाले याला म्हणूनच फिल्टरच्या बाबतीत फार अर्थ नाही. ते कुठे झाले याला आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर धावणारी गाडी आणि ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्यांनी फिरणारी गाडी यांचं मॅन्युअल एकच असलं तरी त्यांचे फिल्टर एकाच तारखेला बदलणं चुकीचं आहे.

तेलाने धूळ पकडायची कल्पना नवी नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला एअर फिल्टरच नव्हता. पुढे ट्रॅक्टर आणि जीप शेतात-माळावर फिरू लागल्या तेव्हा ऑइल बाथ फिल्टर आला, आणि महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांच्या तो आजही हातातला आहे. गोल पत्र्याच्या भांड्यात तळाशी तेल. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलट फिरून वर जाते. हवा वळते, जड कण वळू शकत नाहीत, ते तेलात पडतात. उरलेले वरच्या तेलकट तारेच्या जाळीत अडकतात. हंगामात दर काही दिवसांनी भांडं उतरवायचं, तळाचा चिखल काढायचा, खुणेपर्यंत नवीन तेल भरायचं. ही रचना दणकट आणि स्वस्त आहे, पण तिच्यात एक मूळचा दोष आहे: हवेचा वेग कमी झाला की कणांना तेलात फेकणारा जोरही कमी होतो. इंजिन मंद चालतं तेव्हा बारीक धूळ निसटते. म्हणूनच ट्रॅक्टरही हळूहळू कोरड्या कागदी फिल्टरकडे वळले. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये तर मुख्य फिल्टरच्या आत दुसरा सुरक्षा फिल्टर बसवलेला असतो.

गाळणं आणि ताकद यांची ओढाताण किती जुनी आहे ते दुसऱ्या महायुद्धात दिसतं. १९४२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत आणि माल्टात लढणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली वाळवंटी धुळीसाठी व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवलेला असे. त्याने इंजिन वाचे, पण विमानाचा वेग घटे, आणि समोर जर्मन मेसरश्मिट असताना वैमानिकाला तो घटलेला वेग जिवावर बेतणारा होता. शेवटी इजिप्तमधल्या अबुकीरच्या दुरुस्ती तळावर सुटसुटीत, छोटा फिल्टर तयार केला गेला. उलट बाजूचं उदाहरणही त्याच वर्षीचं. सोव्हिएत संघाने आपला टी-३४ रणगाडा चाचणीसाठी अमेरिकेत मेरीलँडमधल्या अॅबर्डीनला पाठवला. हवा गाळण्याची व्यवस्था इतकी निकृष्ट निघाली की साडेतीनशे किलोमीटर पुरे होण्याच्या आत धुळीने त्याच्या डिझेल इंजिनाचा निकाल लावला. फिल्टर नको असं त्यानंतर कुणीही शहाणा अभियंता म्हणाला नाही. प्रश्न एवढाच उरला की कमीत कमी अडथळ्यात जास्तीत जास्त धूळ कशी अडवायची.

कागदी फिल्टर हे त्याचं उत्तर आहे, आणि त्याला ‘नुसता कागद’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. लाकडाच्या लगद्याच्या तंतूंना राळेसारख्या रेझिनमध्ये भिजवून, भट्टीत पक्कं करून तो बनतो, म्हणून दमटपणात लगेच विरघळत नाही. घड्या घालून लहान चौकटीत मोठं क्षेत्रफळ बसवलेलं असतं. क्षेत्रफळ जितकं जास्त, तितकी हवा सावकाश जाते आणि अडथळा कमी होतो. तंतूंमधली भोकं धुळीच्या कणांहून मोठीच असतात. तरी कण अडकतात, कारण हवा तंतूंना वळसे घालत जाते. जड कण वळसा चुकून तंतूवर आदळतात आणि फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटत तंतूला चिकटतात. अडकलेली धूळ मग स्वतःच गाळणीचं काम करू लागते. घड्यांवर धुळीचा पातळ थर बसला की तोच पुढच्या कणांना अडवतो. म्हणजे थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्या कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगला गाळतो. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली की पटत नाही, पण फिल्टरच्या सगळ्या व्यवहाराचं मर्म तिच्यातच आहे, आणि पुढे ती पुन्हा येणार आहे.

तेल लावलेल्या सुती फिल्टरचा प्रवास वेगळा. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड यांनी के अँड एन ही कंपनी काढली. नाव त्या दोघांच्या आद्याक्षरांचं. त्यांचं मूळ दुकान मोटरसायकलींचं होतं आणि गिऱ्हाईक धुळीत शर्यती खेळणारे. सुती जाळीदार कापडाचे काही थर, दोन्ही बाजूंना धातूची जाळी, आणि कापडावर चिकट तेल. इथे भोकं कागदापेक्षा बरीच मोठी असतात. कण अडवण्याचं बरंचसं काम तेलाचा चिकटपणा करतो. मोकळ्या रचनेमुळे हवा सहज जाते. शर्यतीत पूर्ण थ्रॉटलवर चालणाऱ्या, दर काही शर्यतींनंतर उघडून नव्या रिंगा टाकल्या जाणाऱ्या इंजिनासाठी हा सौदा उत्तम होता. आज आपल्याकडे अशा कुठल्याही फिल्टरला सरसकट ‘के अँड एन’ म्हटलं जातं, इतकं ते नाव रुळलं आहे. कंपनी आपल्या फिल्टरची गाळण्याची क्षमता ९६ ते ९९ टक्के सांगते.

हा टक्का ऐकायला भारदस्त वाटतो. पण तो उलट्या बाजूने वाचायला हवा, कारण इंजिनाला अडलेल्या धुळीशी काही देणंघेणं नसतं. त्याचा संबंध निसटलेल्या धुळीशी. ९९.९ टक्के गाळणाऱ्या फिल्टरमधून हजार कणांतला एक जातो. ९७ टक्के गाळणाऱ्यातून तीस जातात. कागदावर तीन टक्क्यांचा फरक दिसतो, सिलिंडरमध्ये तो तीसपट असतो.

फिल्टर मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११ नावाची. त्यात अॅरिझोनाच्या वाळवंटी धुळीपासून बनवलेली, कणांचा आकार ठरवून दिलेली प्रमाणित धूळ ठरलेल्या वेगाने हवेत सोडतात आणि फिल्टरच्या पलीकडे किती निसटली ते तोलतात. अमेरिकेत ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या पिकअप ट्रकसाठी मिळणाऱ्या वेगवेगळ्या फिल्टरांची या पद्धतीने एक तुलना झाली होती, ती मुळातून पाहण्यासारखी आहे. एसी डेल्को या कंपनीच्या कागदी फिल्टरने ९९.९३ टक्के धूळ अडवली. तेलाच्या सुती फिल्टरने ९६.८. कागदी फिल्टर तुंबायला ६० मिनिटं लागली, तोवर त्याने ५७४ ग्रॅम धूळ साठवली आणि ०.४ ग्रॅम निसटू दिली. सुती फिल्टर २४ मिनिटांत तुंबला, २२१ ग्रॅम साठवून, आणि त्या अवधीत ७ ग्रॅम धूळ इंजिनाच्या दिशेने गेली. ही एका इंजिनाच्या फिल्टरांची चाचणी आहे, प्रत्येक मॉडेलचा आकडा हाच निघेल असं नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. जास्त धूळ निसटली हे अपेक्षितच होतं. तो लवकर तुंबला हे मात्र अनेकांना चकित करतं, कारण ‘धुऊन वापरायचा’ म्हणजे ‘जास्त टिकणारा’ असा आपला समज असतो.

मग पिकअपचं काय? त्याच चाचणीत नव्या फिल्टरांचा अडथळाही मोजला होता. सुती फिल्टरचा अडथळा पाण्याच्या स्तंभाच्या मापात ४.५४ इंच, कागदीचा ६.२३. म्हणजे हवा सुती फिल्टरमधून खरोखरच सहज जाते. जाहिरात इथे खोटं बोलत नाही. पण याच मापात वातावरणाचा दाब ४०७ इंच असतो. पूर्ण जोरात चाललेल्या इंजिनाला मिळणारा फायदा १.७ इंचांचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ऐंशी अश्वशक्तीच्या गाडीत तो चालकाला जाणवणं कठीण. जाणवतो तो आवाज: उघड्या शंकूसारखा फिल्टर बसवला की हवा ओढल्याचा घोंघाट वाढतो, आणि कान पायाला सांगतात की गाडी सुटली. शिवाय मूळ डबा काढून असा शंकू बोनेटखाली उघडा ठेवला, तर इंजिन बाहेरच्या थंड हवेऐवजी आपल्याच भोवतीची तापलेली, विरळ हवा ओढू लागतं. तिथे मिळवलेलं सगळं परत जातं.

अॅव्हरेजचा दावा तर त्याहून कमकुवत आहे. पेट्रोल गाडीत आपण अॅक्सिलरेटर हलकाच दाबतो तेव्हा थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते. हवेचा मुख्य अडथळा तीच असते, आणि ती मुद्दाम असते. फिल्टर थोडा तुंबला तर पाय नकळत किंचित जास्त दाबतो, झडप किंचित जास्त उघडते, आणि हवा तितकीच जाते. इंधन किती सोडायचं ते संगणक आत आलेल्या हवेवरून ठरवतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं. इंधन इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांमध्ये फिल्टर बराच तुंबवूनही इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत अॅव्हरेज काही टक्के पडलं, कारण कार्बोरेटरला हवा कमी झाल्याचं नीट कळत नाही. ‘फिल्टर चोक झाला की गाडी पेट्रोल पिते’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या अनुभवातून आलं आहे आणि तेव्हा ते खरं होतं. आज तुंबलेल्या फिल्टरने अॅव्हरेज जात नसेल, तर मोकळ्या फिल्टरने ते वाढणार कुठून?

तेलाच्या फिल्टरचा आणखी एक नाजूक मुद्दा सेन्सरचा. आत येणारी हवा मोजायला अनेक गाड्यांत, डिझेलमध्ये तर बहुधा, मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातली तापलेली तार किंवा पापुद्रा हवेच्या झोताने किती थंड होतो यावरून हवेचं वजन कळतं. फिल्टरला तेल जास्त झालं तर त्याची वाफ-फवार या तारेवर बसते, वर धूळ चिकटते आणि माप चुकू लागतं. चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी धक्के देते. तेल बेताचं लावलं तर हे होत नाही, आणि भारतातल्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सरच नसतो. त्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात. पण बेताचं तेल म्हणजे किती हे हाताला कळायला सराव लागतो. कमी पडलं तर कापडाची भोकं उघडी राहतात आणि गाळणं ढासळतं. धुतल्यावर फिल्टर सावलीत पूर्ण वाळवायचा असतो, कॉम्प्रेसर किंवा हीटर लावायचा नसतो, तेल लावून ते पसरायला वेळ द्यायचा असतो. जुलैत कोकणात कपडे दोन दिवस वाळत नाहीत. ओला फिल्टर घाईने बसवायचा की गाडी उभी ठेवायची, हा तिथल्या मालकापुढचा खरा प्रश्न आहे. बाजारात आता तेलाशिवायचे, कृत्रिम धाग्याचे धुता येणारे फिल्टरही मिळतात. त्यांनी सेन्सरची काळजी मिटते, गाळण्याचा आकडा मात्र प्रत्येकाचा स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

इथवर वाचून कागदी फिल्टरवाले निर्धास्त झाले असतील, तर त्यांच्यासाठी आपल्या गॅरेजांतला सर्वात धोक्याचा रिवाज सांगायला हवा. सर्व्हिसिंगला गाडी आली की मुलगा फिल्टर काढतो, टायरवर दोन वेळा आपटतो आणि कॉम्प्रेसरची हवा मारतो. धूळ उडताना दिसते, मालकाला बरं वाटतं, काम झाल्यासारखं दिसतं. पण नळी जवळ धरून मारलेल्या जोरदार झोताने कागदाचे तंतू सरकतात, बारीक चिरा पडतात, आणि उजेडात धरल्याशिवाय त्या दिसत नाहीत. आपटल्याने कडेची रबरी पट्टी वाकते. शिवाय धुळीचा जो थर फिल्टरचं गाळणं सुधारत होता, तोच आपण झटकून टाकतो आणि पुन्हा कोऱ्या फिल्टरच्या कमी क्षमतेपासून सुरुवात करतो. अनेक भारतीय गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच अधूनमधून साफ करा आणि चाळीसेक हजार किलोमीटरला बदला असं लिहिलेलं असतं, हे खरं. तिथे अपेक्षा असते ती कमी दाबाची हवा, आतल्या स्वच्छ बाजूने बाहेरच्या बाजूला, अंतर राखून. गजबजलेल्या गॅरेजात असं कुणी करताना क्वचितच दिसतं.

होंडाच्या अॅक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये तर हा रिवाज थेट घातक ठरतो. त्यात व्हिस्कस पेपर फिल्टर असतो, म्हणजे कागदालाच कारखान्यात तेल पाजलेलं असतं. तो धुवायचा नाही, त्याला हवा मारायची नाही, ठरलेल्या अंतराला फक्त बदलायचा. तेलकट घड्यांवरची काळी धूळ पाहून मेकॅनिक तो पेट्रोलने धुतो, तेल निघून जातं आणि उरतो तो विरळ कागद. तेल आणि कागद यांत वैर नाही हेही या फिल्टरने दाखवून दिलं आहे. धूळ चिकटवायला तेल आणि बारीक गाळायला कागद, असे दोघं एकाच चौकटीत सुखाने नांदतात.

फिल्टर कुठलाही असो, त्याच्या कडेने हवा गेली तर सगळं व्यर्थ. डब्याची एक क्लिप तुटलेली, कडेची पट्टी कडक झालेली, स्वस्तातला डुप्लिकेट फिल्टर दोन मिलिमीटर आखूड: हवा नेहमी सोपी वाट धरते, आणि त्या फटीतून न गाळलेली धूळ सरळ आत जाते. हे तपासण्याची पद्धत साधी आहे. फिल्टर काढल्यावर डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला आणि पुढच्या रबरी नळीच्या आत पांढरा रुमाल फिरवावा. रुमाल स्वच्छ निघाला तर बसणी चांगली. धुळीची रेघ उमटली तर ती जिथे सुरू होते तिथे फट आहे. सुती फिल्टर बसवलेल्यांनी तर ही तपासणी करायलाच हवी. तिथे फटीशिवाय सगळीकडे पसरलेली बारीक पूड सापडली, तर ती कापडातूनच आलेली असते.

तेलाच्या फिल्टरचं हक्काचं राज्य आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. मोटोक्रॉस आणि डकारसारख्या रॅलीत धावणाऱ्या मोटरसायकली तेलात भिजवलेल्या फोमचे फिल्टर वापरतात. चिखल, पाणी, वाळू एकाच दिवसात. कागद तिथे तासाभरात भिजून बसेल. स्वार किंवा त्याचा मेकॅनिक दररोज संध्याकाळी फिल्टर काढतो, धुतो, हाताने तेल मुरवतो, नाहीतर आधीच तयार ठेवलेला दुसरा चढवतो. ऑफ रोड जीपवाले, ट्रॅकवर गाडी पळवणारे, इंजिनाची जुळणी बदलून प्रत्येक अश्वशक्तीचा हिशेब ठेवणारे यांनाही त्याचा उपयोग आहे. यांच्यात एक गोष्ट समान आहे: हे लोक गाडीला वेळ देतात.

पैशाचा हिशेब शेवटी करावा, कारण तो सर्वात सोपा आहे. चारशे रुपयांचा कागदी फिल्टर २० हजार किलोमीटरला, म्हणजे मॅन्युअलच्या दुप्पट वेगाने बदलला, तरी १ लाख २० हजार किलोमीटरमध्ये सहा फिल्टर आणि २,४०० रुपये. तेवढ्यात सुती फिल्टर येतही नाही. त्याचं धुण्याचं रसायन आणि तेलाचा डबा वेगळा. पुष्कळ महाग कागदी फिल्टर लागणाऱ्या मोठ्या गाड्यांत हे गणित बदलू शकतं. कचऱ्याचा मुद्दा प्रामाणिक आहे: सहा कागदी फिल्टर कचऱ्यात जातात आणि त्यांच्या कडेचा फोम कुजत नाही. पण सुती फिल्टर धुताना तेल, रसायन आणि धूळ यांचं पाणी गटारात जातं, आणि एक झिजलेलं इंजिन हजारो किलोमीटर ऑइल जाळत धूर सोडतं, हेही त्याच पारड्यात टाकायला हवं.

तेव्हा रोज ऑफिसला जाणारी, सुट्टीत गावी जाणारी, सात-आठ वर्षं वापरायची गाडी असेल तर चांगल्या बनावटीचा कागदी फिल्टर घ्यावा, आणि तो वेळेवर बदलावा. गाव कच्च्या रस्त्याचं असेल, घराजवळ खडी क्रशर किंवा मोठं बांधकाम असेल, तर बदलण्याचं अंतर अर्ध्यावर आणावं. गाडी वॉरंटीत असताना कंपनीने न सुचवलेला फिल्टर घालून वाद ओढवून घेऊ नये. डिझेल गाडीत, विशेषतः टर्बो असलेल्या, कागदाची बाजू आणखी भक्कम होते, कारण टर्बोची पाती मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरतात आणि निसटलेला कण आधी त्यांच्यावर आदळतो.

आणि फिल्टर सारखा उघडून पाहू नये. प्रत्येक वेळी डबा उघडताना घड्यांवरची थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते. ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये यासाठीच अडथळा दाखवणारा छोटा निर्देशक असतो. फिल्टर खरंच तुंबला की त्याची पट्टी लाल होते, तोवर हात लावायचा नाही. कारमध्ये तो नसतो. नवा फिल्टर बसवताना त्याच्या चौकटीवर मार्करने तारीख आणि मीटरचं रीडिंग लिहून ठेवावं, आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर ‘एअर फिल्टरला हवा मारू नये, लागल्यास बदलावा’ अशी ओळ लिहून घ्यावी.